आईचं मशीन मी वाचवलं

पडदा शिवायला काय लागतं, असं मी म्हणालो तेव्हा घरात आम्ही चौघं होतो आणि उरलेल्या तिघांपैकी एकानेही मला थांबवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्याची जबाबदारी खरं तर सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी होती. पण आमच्याकडे जबाबदारी वाटायची पद्धत नाही, ती अख्खीच्या अख्खी एकाच्या गळ्यात पडते.

तर जेवताना बाबांनी जाहीर केलं की हॉलच्या कोपऱ्यातलं शिवणाचं मशीन विकायचं. जुनं सामान घेणारा रविवारी येणार. कोपरा मोकळा झाला की तिथे चपलांचं कपाट.

 आईने मान वळवून मशीनकडे एकदा बघितलं. आता, ते बघणं मी बघितलं. त्या एका नजरेत मला काय काय दिसलं ते विचारू नका. तिचं तरुणपण दिसलं, माझे शाळेचे गणवेश दिसले, पाठीला रग लागेपर्यंत वाकून बसलेली आई दिसली.

"मशीन विकायचं नाही," मी म्हणालो.

"वापरतं कोण?" बाबांनी विचारलं.

"मी वापरणार."

ताईने माझ्याकडे बघितलं. हसली नाही. ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दुसऱ्यांच्या यातनांकडे सरळ चेहऱ्याने बघायची तिला सवय आहे. "काय शिवणार?" तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. बाहेर झाडांना नवी पालवी आली होती आणि माझ्या फोनवर सारखे तेच तेच व्हिडिओ येत होते: वसंतासाठी घरच्या घरी शिवा सोप्या वस्तू. कापडी पक्षी, फुलाफुलांची उशी, बाल्कनीचा पडदा. एक बाई असते, तिच्यासमोर एक पांढरं स्वच्छ टेबल असतं, ती म्हणते "अगदी सोपं आहे", आणि वाक्य संपेपर्यंत पक्षी तयार. मी वॉटर फिल्टरच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकतो. तक्रार ऐकताना डोळे रिकामे असतात. त्या रिकाम्या डोळ्यांनी मी हे व्हिडिओ इतके बघितले होते की आपण हे सगळं करून बसलोय असंच मला वाटायला लागलं होतं.

"पक्षी, उशी, पडदा," मी म्हणालो. "पडदा शिवायला काय लागतं."

बाबा सरकारी गोदामातून निवृत्त झालेत. आलेला माल तपासायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. घरात अजूनही भाजी पास होते, दूध पास होतं, आणि माझा एक मित्र एकदा दारातच नापास झाला होता. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "आक्षेप आला की सुनावणी द्यावी लागते. रविवारपर्यंत एक वस्तू शिवून दाखव. वापरण्याजोगी. मी तपासणार. पास झाली तर मशीन राहील."

"आणि नाही झाली तर?"

"तर चपलांचं कपाट."

आई ताट उचलून आत गेली. मला वाटलं, डोळे पुसायला.

सकाळी मी दार उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. आमच्या घरातलं बोलणं आधी वर जातं, मग आमच्या कानावर येतं.

"बरं केलंस रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं मशीन म्हणजे आख्ख्या बिल्डिंगचा आधार. ते गेलं तर आम्ही कुणाकडे बघायचं? मुलगा असावा तर असा." मग आत डोकावून म्हणाल्या, "काय हो, नशीब काढलंत."

आई आतून म्हणाली, "हं."

आता मशीनबद्दल. लांबून ते गरीब दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की त्याचं स्वतःचं एक मत आहे. पायडल मारलं की चाक पुढे जायला पाहिजे, ते माझ्यासाठी मागे जायचं. मागे गेलं की दोरा तुटायचा. दोरा ओवायचा म्हणजे वरून, मागून, एका आकड्यातून, दुसऱ्या आकड्याखालून, आणि शेवटी सुईच्या भोकात, जे भोक मुद्दाम माणसाला चष्मा लागावा म्हणून केलेलं आहे. खाली बॉबिन नावाची एक छोटी चकती असते. ती बाहेर पडली की सोफ्याखाली जाते. दुसरीकडे कुठे जातच नाही. त्या दोन-तीन दिवसांत मी शिवणापेक्षा सोफ्याखाली जास्त होतो. आमच्या सोफ्याची खालची बाजू आता मी डोळे मिटून काढून दाखवू शकतो.

या सगळ्या काळात आई समोर खुर्चीवर बसून पेपर वाचत होती. एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हटलं, बघा, मुलाला स्वतःच्या पायावर उभं राहू देतेय.

पहिला पक्षी झाला. आत कापूस भरला, डोळ्याच्या जागी बटण लावलं. बाबांनी तो हातात घेतला, फिरवला, उलटा केला.

"काय आहे हे?"

"पक्षी."

"कुठला?"

"वसंतातला."

"चोच कुठेय?"

"ती आत राहिली. उलटवताना."

ताई म्हणाली, "बटाटा आहे. डोळा आलेला."

"नापास," बाबा म्हणाले, आणि पक्षी मला परत दिला. दोन्ही हातांनी दिला. ती त्यांची खात्यातली सवय, पण मला जास्त लागलं.

मग मी उशी घेतली. उशीला चोच नसते. सोफ्यावरची एक चौकोनी उशी टेपने नीट मोजली, तेवढंच कापड कापलं, चारी बाजूंनी टीप मारली. टीप बऱ्यापैकी सरळ आली होती, मला स्वतःला आश्चर्य वाटलं. पण उशी आत जाईना. मी ढकलली, गुडघा लावला, ताईला बसवलं वर. शेवटी गेली. पण अशी गेली की चारही कोपरे टम्म फुगले आणि मधे खड्डा पडला. सोफ्यावर ठेवली की हळूहळू स्वतःच गोल व्हायची आणि खाली पडायची.

"मापात चुकलास," बाबा म्हणाले.

"मी दोनदा मोजलंय."

"मग उशी वाढली असेल," ताई म्हणाली. "वसंत आहे."

दुपारी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचा माणूस. त्याला सगळे नाइट ड्युटी म्हणतात, कारण तो कुठल्याशा कारखान्यात रात्रपाळीला असतो आणि दिवसा झोपतो. निदान तशी त्याची इच्छा असते.

"तुमच्याकडे काय चाललंय?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"शिवण."

"तुमची आई शिवते तेव्हा आवाज असा येत नाही. तेव्हा पाऊस पडल्यासारखं वाटतं, झोप लागते. हे आज कुणीतरी टेबल जिन्यावरून खाली आणतंय, परत वर नेतंय, परत खाली आणतंय."

मला वाईट वाटलं. मग आठवलं की व्हिडिओवाल्या बाईने झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टीपण शिकवली होती. अगदी सोपी. मी त्याच्या डोक्याचा घेर तिथेच दारात टेपने मोजला. तो उभ्याउभ्या झोपला होता, त्याला कळलंही नाही. संध्याकाळी पट्टी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तर कपाळावर एक लाल रेघ, कानापासून कानापर्यंत.

"घट्ट आहे का?" मी विचारलं.

"आहे थोडी. पण आवाज येत नाही. काहीच येत नाही. कान पण बंद होतात." त्याने थोडा विचार केला. "गजर पण आला नाही. ड्युटी बुडली काल."

आता राहिला पडदा. बाल्कनीच्या दारासाठी मी पिवळ्या फुलांचं कापड आणलं होतं. ते अजून कापायचं होतं तोवर सेक्रेटरी वर आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आधी जिना चढतात, मग चष्मा घालतात, मग विषय काढतात.

"असं कळलं की इथे शिवणकाम सुरू झालंय," ते म्हणाले. "निवासी जागेत व्यवसाय करायचा तर कमिटीची परवानगी लागते."

"व्यवसाय नाही, काका. मी एक पडदा शिवतोय."

"मोबदला?"

"काही नाही. उलट कापड माझंच वाया जातंय."

"मग तसा अर्ज द्या. व्यवसाय नाही, नुकसान आहे, असं लिहा. आणि पडदा बाहेरून दिसणार का?"

"दारावर आहे, थोडा दिसेल."

"मग रंग? बाहेरून दिसणाऱ्या कापडाचा रंग बदामी असावा असा ठराव आहे."

"समोरच्या बिल्डिंगमध्ये तर जांभळा आहे."

"ती त्यांची सोसायटी. त्यांच्याकडे लिफ्टपण चालते." त्यांनी कापड हातात घेऊन उजेडात धरलं. "हे पिवळं आहे."

"फुलं पिवळी आहेत. मागचा रंग बदामी आहे. जवळून बघा."

त्यांनी जवळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, ते जाऊ दे. आमच्या घरचे दोन ब्लाउज तुमच्या आईकडे आहेत. महिना झाला. झालेत का तेवढं विचार ना."

मी आत विचारलं. आईने पेपरचं पान उलटलं आणि म्हणाली, "होतील म्हणावं."

"होतील," मी सांगितलं.

"मग पडद्याला माझी हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि चष्मा काढून खाली गेले.

शनिवारी काकू उतरल्या, हातात काकांची नवी पँट. "खालून दुमडून नुसती एक टीप मारायची आहे. तुझा हात बसेल, म्हणून मुद्दाम तुझ्याकडे आणली. नाहीतर तुझी आई आहेच." खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठवडाभर नापास होणाऱ्या माणसाकडे कुणीतरी आपणहून पँट घेऊन आलं होतं. मी काकांची जुनी पँट मागवून घेतली, टेपने मोजली, त्याच मापाला नवी कापली, दुमडली, टीप मारली. टीप एकदम सरळ. काका ती घालून लगेच बाहेर पडले, कुणाला तरी भेटायला जायचं होतं त्यांना.

परत आले तेव्हा मी गॅलरीत होतो. काका चालताना पँट आणि बूट यांच्यामध्ये मोजे दिसत होते, आणि मोज्यांच्या वर काका दिसत होते.

थोड्या वेळाने काकू आल्या. "फॅशन आहे म्हणे आता अशी," त्या म्हणाल्या.

"काका काय म्हणाले?"

"ते बोलत नाहीयेत. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. मशीन तेवढं वाचव, बाकी आम्ही बघून घेऊ. तुझी आई खाली पट्टी जोडून देईल, काय हो?"

आई म्हणाली, "ठेवा."

काकूंनी पँट मशीनवर ठेवली. तिथे आधीच एक ढीग होता. तो ढीग मी लहानपणापासून बघतोय. मला तो मशीनचाच भाग वाटायचा.

रविवार उजाडला. मी पडदा आदल्या संध्याकाळीच पूर्ण केला होता आणि दारावर लावला होता. सांगायला हवं, वाईट नव्हता. वरची दुमड बरोबर होती, रिंगा सरकत होत्या, फुलं सगळी एकाच दिशेने उगवलेली होती. फक्त खाली जमीन आणि पडदा यांच्यात फट राहिली होती.

जुनं सामान घेणारा आला. टेम्पो खाली उभा. तो मशीनला हात लावून, चाक फिरवून बघत होता. काकू साक्षीदार म्हणून आल्या होत्या. नाइट ड्युटी आवाजाने जागा होऊन आला होता, कपाळावर रेघ अजून होती. बाबांनी कपाटातून खात्यातली स्टीलची पट्टी काढली, जी ते कुणाला हात लावू देत नाहीत, आणि पडदा मोजायला लागले.

"चार इंच कमी," ते म्हणाले.

काकूंनी श्वास घेतला. सामानवाल्याने मशीनवरचा ढीग उचलून सोफ्यावर ठेवला.

बाबा थांबले नाहीत. त्यांनी घरंगळून खाली पडलेली उशी उचलली. मोजली. "चार इंच कमी." नाइट ड्युटीला जवळ बोलावलं, त्याच्या खिशातली डोळ्यांची पट्टी मोजली, मग दोरा गुंडाळून त्याचं डोकं मोजलं. चार इंच. काकांची पँट मोजली. चार इंच. मग त्यांनी माझ्याकडून टेप मागितला. दोन बोटांत धरून त्याचं टोक बघितलं. टोक काळं पडलेलं होतं. कधीतरी गरम इस्त्रीखाली आलं असेल आणि जळालेला तुकडा कापून टाकला असेल. टेप पाच आकड्यापासून सुरू होत होता. मला वाटलं होतं, पहिले आकडे पुसले गेलेत. वस्तू मी टेपच्या दुसऱ्या, धड टोकाने मोजायचो आणि कापड दरवेळी या टोकाने कापायचो.

मला फक्त मशीन दिसत होतं, आणि त्याच्यावर टेकलेला सामानवाल्याचा हात.

बाबांनी टेप गुंडाळला. "चूक आहे," ते म्हणाले. "पण सगळीकडे एकसारखी आहे. गोदामात एकसारख्या चुकीला माप म्हणायचे. टीप सरळ आहे. पडदा दार झाकतो, खालून हवा येते, केर काढायला अडचण नाही. याच्याहून वाईट माल मी स्वतः पास केलाय." त्यांनी सामानवाल्याकडे बघितलं. "पास. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

काकूंनी मला जवळ घेतलं. नाइट ड्युटीने हात मिळवला, चुकून ताईशी. सामानवाला खाली गेला आणि टेम्पो निघून गेल्याचा आवाज आला.

सगळे पांगल्यावर मी आत गेलो. मला काही नको होतं. पण एवढं सगळं केल्यावर माणूस आत जातो, उभा राहतो, आई पाठीवरून हात फिरवेल एवढी जागा ठेवून उभा राहतो.

आई भांडी लावत होती. जरा जोरात लावत होती.

"वाचलं," मी म्हणालो.

"हो ना. बघितलं मी."

"टेप तुटलेला आहे हे तुला माहीत होतं?"

"मी पाचापासून मोजते. मीच कापला होता तो."

"मग मला सांगितलं का नाहीस? आठवडाभर मी तुझ्यासमोर मोजत होतो."

तिने हातातली वाटी खाली ठेवली. "तू नापास व्हावंस म्हणून."



"किती वर्षं झाली," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, तिचा आवाज चढत नाहीच. "वरच्यांच्या पँटी, सेक्रेटरींच्या बायकोचे ब्लाउज, कुणाच्या पिशव्या, कुणाच्या नातवाची झबली. तुमचं मशीन चालूच असतं ना, एवढी एक टीप मारून द्या. या बिल्डिंगमध्ये माझ्याकडे कुणी नुसतं बसायला आलेलं मला आठवत नाही. हातात काहीतरी असतंच. आणि मला नाही म्हणता येत नाही. तोंडातून 'ठेवा' असंच निघतं. म्हणून म्हटलं, मशीनच गेलं तर नाही म्हणायला नको. कपाटाचं मीच सुचवलं होतं तुझ्या बाबांना."

"बाबांना माहीत होतं?"

बाबा दारात उभे होते. "आक्षेप आल्यावर सुनावणी द्यावीच लागते," ते म्हणाले. "आणि माल पास होण्यासारखा होता. होता तर नापास कसा करू?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. ते पट्टी कपाटात ठेवायला निघून गेले.

मी सामानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, टेम्पो आता भरला, परत तुमच्याकडे येणार नाही. मी तक्रारी ऐकायचं काम करतो, त्यामुळे कुणाचा आवाज कुठे संपलाय हे मला कळतं. मी फोन ठेवला. ताई म्हणाली, "बटाट्याच्या वेळीच थांबला असतास तर."

मी अख्खी दुपार आईच्या समोर गेलो नाही. लोक आईसाठी काय काय करतात. मी तिला आणखी वीस वर्षं शिवायला बसवलं होतं, आणि वर हार घालून घ्यायला आत गेलो होतो.

संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई, हातात दोन पँटी आणि एक स्कर्ट. मी मशीनपाशी उसवत बसलो होतो, काकांच्या पँटची टीप काढत होतो, निदान तेवढं तरी आपण करावं म्हणून. आई दारात गेली.

"बरं झालं बाई, मशीन राहिलं ते," त्या बाई म्हणाल्या. "हे एवढं जरा..."

आईच्या तोंडातून "ठे" बाहेर पडलं. मला ऐकू आलं. मग तिने वळून माझ्याकडे बघितलं. काकांची पँट माझ्या मांडीवर होती. खाली उशी घरंगळत चालली होती.

"ठेवा ना," ती म्हणाली. "हल्ली तोच बघतो सगळं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पँटकडे. काकांचे मोजे समोरच्या बिल्डिंगमधूनही दिसले असावेत, कारण त्यांनी कपडे हळूच छातीशी धरले.

"घाई नाही तशी," त्या म्हणाल्या. "स्टेशनरीच्या दुकानाशेजारी एक टेलर बसतो, त्याच्याकडे टाकते."

"अहो, बसा तरी," आई म्हणाली.

आणि त्या बसल्या. हात गुंडाळून, कपडे मांडीवर घट्ट धरून बसल्या. चहा झाला. गप्पा झाल्या, बऱ्याच झाल्या. आई हसल्याचा आवाज आला दोनदा.

त्या गेल्यावर आईने मशीनवरचा अख्खा ढीग उचलून माझ्यापुढे ठेवला. सेक्रेटरींचे ब्लाउजपण. "रोज संध्याकाळी बसत जा," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून."

मी बसतो. ब्लाउज सेक्रेटरींच्या घरच्यांनी त्याच रात्री येऊन परत नेले, अर्ज वगैरे काही न मागता. काकूंनी काकांची पँट नेली. ढीग आठवड्यात संपला, त्यातलं मला फार थोडं शिवावं लागलं, लोक स्वतःच घेऊन गेले. काकू आता येतात तेव्हा रिकाम्या हाताने येतात आणि आईशी तासभर बोलून जातात. आईने वाचनालयातून पुस्तकं आणायला सुरुवात केलीय.

पण मी रोज बसतोच आहे. पायडल आता पुढे जातं, बॉबिन पडत नाही, टेप मी नवीन आणला. परवा माझ्या एका शर्टाची कॉलर फाटली होती, ती मी काढली, उलटी केली आणि परत लावली. टाका बारीक, कुठे सुरकुती नाही, कोपरे टोकदार. नाइट ड्युटी जिन्यात भेटला, म्हणाला, काल पावसासारखा आवाज येत होता, तुमची आई बसली होती का.

मी शर्ट आईला नेऊन दाखवला. तिने चष्मा लावला, कॉलर आतून बाहेरून बघितली, नखाने टाका ओढून पाहिला.

"छान झालंय," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

मग उठली, दार लावून घेतलं, शर्टाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"हा घरातच घाल," ती म्हणाली. "बाहेर कुणाला दिसू देऊ नकोस."